पगार वाढला की काम जातं?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या आयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू इंजिनिअर आहेस, आकडे तुला कळतात, तर किमान वेतनावर बोल." मी अर्थशास्त्रज्ञ नाही. माझ्याकडे संगणक अभियांत्रिकीची पदवी आहे आणि बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केल्याचा अनुभव आहे. तरी मी हो म्हटलं, कारण या विषयात माझे दोन हिशेब बाकी आहेत. एक जुना, तो अम्मीचा. दुसरा नवा, तो माझा स्वतःचा. नव्यापासून सुरुवात करतो. तो कबुलीजबाब आहे, आणि कबुलीजबाब आधी उरकलेला बरा.

पुण्यात आम्ही राहतो त्या सोसायटीत १२० फ्लॅट आहेत. मी कमिटीवर आहे, कारण मला एक्सेल येतं. आमच्या गेटवर सहा वॉचमन होते. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या आणि प्रत्येक पाळीत दोन माणसं. एके दिवशी ठेकेदाराचं नवीन कोटेशन आलं. किमान वेतनाचे दर सुधारले, महागाईप्रमाणे विशेष भत्ता वाढला, म्हणून माणशी महिन्याला दोन हजार रुपये जास्त लागतील. सहा माणसांचे बारा हजार.

मीटिंगमध्ये एक काका म्हणाले, "सरकार पगार वाढवतं आणि मरण गरिबाचं होतं. आता दोन माणसं कमी करावी लागणार." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी लॅपटॉप उघडून तक्ता केला. सहाऐवजी चार माणसं, बारा-बारा तासांची ड्युटी. पाळीत माणसं दोनच राहतात, गेट रिकामं राहत नाही, आणि वाढ देऊनही खर्च आधीपेक्षा कमी होतो. मी हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला.

ज्या दोघांना काढलं, त्यांतले एक पन्नाशी ओलांडलेले होते. लातूरकडचे. माझी मुलगी त्यांना चाचा म्हणायची. शेवटच्या दिवशी ते लिफ्टजवळ थांबले होते. म्हणाले, "साहेब, पगार वाढवा असं मी कधी म्हटलं होतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचं भाषण म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. कारण वरवर पाहता त्या काकांचं म्हणणं खरं ठरलं होतं. किमान वेतन वाढलं आणि माझ्या डोळ्यांसमोर दोन नोकऱ्या गेल्या. त्यातला एक हात माझा होता.

आता जुना हिशेब. मी सोलापूरचा. तिथे हजारो बायका बिड्या वळतात आणि माझी अम्मी त्यांतली एक होती. कंपनीकडून पानं, तंबाखू आणि दोरा आणायचा, पानं भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन वळत बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी मोजून परत द्यायचं. मजुरी हजार बिड्यांवर. घेणारा माणूस त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे मिळायचे नाहीत. मजुरी वाढवा म्हणून मोर्चे निघायचे, लाल बावट्याचे लोक गल्लीत यायचे. शेजारच्या बायका जायच्या. अम्मी जायची नाही. मी कॉलेजात असताना एकदा तिच्याशी भांडलो. ती म्हणाली, "बेटा, रेट बढा और कामच बंद पडा तो?"

हे वाक्य तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. काम देणाऱ्यांनी सांगितलं होतं, वर्षानुवर्षं. अर्थशास्त्राच्या पहिल्या पुस्तकातही तेच असतं. बटाटा महाग झाला की लोक कमी बटाटे घेतात. तसाच मजूर महाग झाला की मालक कमी मजूर ठेवतो. तर्क साधा आहे आणि त्याला वेडेपणा म्हणून उडवून लावणं बरोबर नाही. पण तर्क खरा आहे की नाही हे प्रत्यक्षात तपासावं लागतं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एक पद्धत आहे. ॲपमध्ये एखादा बदल चांगला की वाईट हे ठरवायचं असेल तर तो अर्ध्या लोकांना दाखवायचा आणि अर्ध्यांना जुनंच ठेवायचं. मग दोन्ही गटांत काय फरक पडला ते बघायचं. सगळ्यांना एकदम बदल दिला तर आकडे खाली गेले ते बदलामुळे, की त्या आठवड्यात दिवाळी होती म्हणून, हे कळायला मार्ग राहत नाही.

अमेरिकेत १९९२ साली असा प्रयोग आपोआप घडून आला. न्यू जर्सी राज्याने १ एप्रिलला आपलं किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. म्हणजे जवळजवळ १९ टक्के वाढ. शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्याने केली नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी न्यू जर्सी आणि तिला लागून असलेला पूर्व पेनसिल्व्हेनिया इथली ४१० फास्ट फूडची दुकानं निवडली. बर्गर किंग, केएफसी, वेंडीज, रॉय रॉजर्स अशी. वाढीच्या आधी फोन करून विचारलं, तुमच्याकडे किती माणसं कामाला आहेत, पगार किती, बर्गर केवढ्याला. वर्ष संपता संपता पुन्हा विचारलं. जी दुकानं फोन उचलत नव्हती ती बंद पडली का, हेही पाहिलं. नाहीतर मेलेल्यांची मोजणीच झाली नसती.

पुस्तकाप्रमाणे न्यू जर्सीत माणसं कमी व्हायला हवी होती. तशी ती झाली नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत उलट किंचित वाढच दिसली. मग वाढलेला पगार आला कुठून? बराचसा बर्गरच्या किमतीतून. तिथलं खाणं शेजारच्यापेक्षा चारेक टक्क्यांनी जास्त महागलं. म्हणजे खाणाऱ्यांनी थोडं-थोडं दिलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो आमच्या सोसायटीत परत येणार आहे.

हा निबंध १९९४ साली छापून आला आणि मोठं वादळ उठलं. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी दुकानांच्या पगारपत्रकांवरून पुन्हा हिशेब मांडला आणि नोकऱ्या घटल्या असं दाखवलं. कार्ड-क्रूगर यांनी सरकारी नोंदींवरून तिसऱ्यांदा मोजणी केली. त्यात परिणाम नाहीच, किंवा अगदी थोडा, असं निघालं. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. पुढे २०१९ साली आणखी एका गटाने १९७९ ते २०१६ या काळात अमेरिकेतल्या राज्यांनी केलेल्या १३८ वाढी एकत्र तपासल्या. नव्या किमान दराखालच्या जितक्या नोकऱ्या नाहीशा झाल्या, साधारण तितक्याच त्या दरावर आणि त्याच्या जरा वर तयार झालेल्या दिसल्या. म्हणजे नोकऱ्या तिथेच राहिल्या, त्यांचा पगार वर सरकला. कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळालं. क्रूगर तोपर्यंत हयात नव्हते. जर्मनीने २०१५ मध्ये पहिल्यांदा देशभर तासाला ८.५० युरो किमान वेतन लावलं, तेव्हाही लाखो नोकऱ्या जातील अशी भाकितं झाली होती. तो लोंढा आलाच नाही.

मग बटाट्याचा नियम इथे का चालला नाही? याचं उत्तर मला अम्मीच्या सुपात सापडलं.

बटाट्याच्या बाजारात शंभर विकणारे आणि शंभर घेणारे असतात. एका व्यापाऱ्याने भाव पाडून मागितला तर शेतकरी निदान दुसऱ्याकडे जाऊ शकतो. अम्मीकडे दुसरा नव्हता. पान कंपनीचं, तंबाखू कंपनीचा, नोंद कंपनीच्या वहीत. घरात लहान मुलं, त्यामुळे लांब कामाला जाता येत नाही. अशा ठिकाणी मजुरी बाजार ठरवत नाही, काम देणारा ठरवतो. जोन रॉबिन्सन या ब्रिटिश अर्थतज्ज्ञ बाईंनी १९३३ सालीच हे मांडलं होतं. घेणारा एकच असेल, किंवा मोजकेच असतील, तर मजुराच्या हातून जेवढं मूल्य तयार होतं त्यापेक्षा कमी मजुरी देऊन भागवता येतं. मधला फरक मालकाकडे राहतो. सरकारने किमान दर वाढवला तर आधी हा फरक कमी होतो. नोकरी जाण्याची वेळ त्यानंतर येते. शिवाय पगार बरा झाला की माणसं टिकतात. दर दोन महिन्यांनी नवीन माणूस शोधायचा आणि शिकवायचा खर्च वाचतो.

इथपर्यंत ऐकून वाटेल की प्रश्न सुटला, अम्मीची भीती खोटी होती. तसं नाही. तिची भीती खरी ठरल्याची दोन उदाहरणं मला सांगितलीच पाहिजेत. ती लपवली तर उद्या कुणी आपल्याला ती ऐकवेल आणि आपण गप्प बसू.

पहिलं पोर्टो रिकोचं. अमेरिकेने १९३८ साली देशभर तासाला २५ सेंट किमान वेतन ठरवलं. पोर्टो रिको हे अमेरिकेच्या ताब्यातलं गरीब बेट. तिथेही तोच दर लागू केला. तिथे बायका घरी बसून भरतकाम, शिवणकाम करायच्या आणि त्यांची मजुरी या दराच्या कितीतरी खाली होती. त्या धंद्यातलं काम झपाट्याने आटलं. शेवटी १९४० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बेटासाठी उद्योगवार वेगळे, कमी दर ठरवण्याची सोय करावी लागली. म्हणजे किती वाढवायचं याला महत्त्व आहे. चालू मजुरीच्या थोडं वर नेणं वेगळं आणि एका रात्रीत कित्येक पटींनी वर नेणं वेगळं.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं, बिडीचंच. बिडी कामगारांसाठी १९६६ साली केंद्राचा कायदा झाला. कामाचे तास, पगारी सुट्ट्या, बाळंतपणाच्या सवलती असं त्यात होतं. म्हणजे तो निव्वळ मजुरीच्या दराचा कायदा नव्हता, पण त्याने कामगार ठेवणं महाग होणार होतं. केरळ सरकारने तो १९६८ मध्ये अमलात आणला. तेव्हा मंगळूरच्या बड्या बिडी मालकांनी कण्णूर भागातले आपले कारखाने बंद केले आणि काम सीमेपलीकडे नेलं. सुमारे बारा हजार कामगार घरी बसले. बिडीला यंत्र लागत नाही. पान आणि तंबाखू पोत्यात भरला की कारखाना दुसऱ्या राज्यात जातो. गिऱ्हाइकाला बर्गर न्यू जर्सीतच खायचा असतो, म्हणून ते दुकान पळून जाऊ शकत नाही. बिडी पळून जाऊ शकते.

कण्णूरची गोष्ट मात्र इथे संपत नाही. बेकार झालेल्या कामगारांनी सरकारच्या मदतीने १९६९ साली स्वतःची सहकारी संस्था काढली, केरळ दिनेश बिडी. सुरुवात तीनेक हजार कामगारांनी केली. ऐंशीच्या दशकात त्यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात गेली. मालक परवडत नाही म्हणत होते त्या सवलती देऊन, त्याहून बरी मजुरी देऊन, ही संस्था कित्येक वर्षं चालली. पुढे लोकांचं बिडी ओढणं कमी झालं तसा तो धंदाही आकसला. मग संस्थेने खाद्यपदार्थ, छत्र्या असे दुसरे उद्योग सुरू केले. बिडी हा काही सांभाळून ठेवावा असा धंदा नाही, हे अम्मीचा खोकला ऐकत मोठा झालेल्या माणसाला सांगायला नको. पण 'या मजुरीत धंदा चालूच शकत नाही' असं मालक म्हणतो, तेव्हा कण्णूर आठवायला हवं.

तर उत्तर असं आहे. किमान वेतन वाढलं की कधी काम जातं आणि बऱ्याचदा जात नाही. ते तीन गोष्टींवर ठरतं. वाढ किती आहे, काम दुसरीकडे पळवता येतं का, आणि मजुराला दुसरा पर्याय नसल्याने मालक आधी किती दाबून देत होता. सगळीकडे लागू पडेल असं एकच वाक्य कुणी ठोकून सांगत असेल, मग तो आपला असो की विरोधक, तर त्याने मोजणी केलेली नाही असं समजावं.

आता आपल्या देशाकडे येऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते, तेव्हा १९४६ साली किमान वेतनाचं विधेयक मांडलं गेलं. त्याचा १९४८ मध्ये कायदा झाला. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कशावरून मोजायचं ते ठरवलं. कमावणारा, त्याची बायको आणि दोन मुलं यांचं अन्न, वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडं, जळण आणि दिवाबत्ती. म्हणजे जगण्याचा तळ. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली म्हटलं की कामगारांना किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालू राहण्याचा हक्क नाही. १९८२ मध्ये, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात, याच न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही संविधानाच्या कलम २३ प्रमाणे वेठबिगारी आहे.

इतकं सगळं असून प्रत्यक्षात काय? केंद्र सरकार देशासाठी एक तळाचा दर सुचवत असे. तो २०१७ साली दिवसाला १७६ रुपये होता. सरकारनेच नेमलेल्या अनूप सत्पथी समितीने २०१९ मध्ये ३७५ रुपये सुचवले. त्याच वर्षी दर वाढला तो १७८ रुपये झाला. दोन रुपयांनी. दोन रुपयांच्या वाढीने कुणाची नोकरी जाते का, यावर चर्चा करायची गरज नाही.

आपल्या वस्त्यांना हा विषय जवळचा का, तेही सांगतो. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिलं की मुस्लिम कामगार पक्क्या पगाराच्या नोकऱ्यांत कमी आणि असंघटित कामांत जास्त आहेत. घरी बसून काम करणाऱ्या बायकांचं प्रमाणही आपल्यात जास्त आहे. मालेगाव-भिवंडीचे माग, बेकऱ्या, जरीकाम, गॅरेज, बिडी. इथे मजुरी नगावर, मीटरवर, हजारावर मिळते. कागद नसतो. मालक कोण हेच सांगता येत नाही, कारण मध्ये दोन ठेकेदार असतात. अशा ठिकाणी कायद्याचा दर भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा असतो. सगळ्यांना दिसतो, पण तारखा आपोआप पाळल्या जात नाहीत. आणि यात आपलेच लोक मालकही आहेत. बेकरीत बिहारचा पोरगा पहाटे तीनपासून भट्टीसमोर असतो आणि मालक जुम्म्याला पहिल्या रांगेत असतो. हे आपण बोललं पाहिजे. दुसऱ्यांनी बोलायची वाट बघू नये.

आता परत गेटवर येतो. मी म्हटलं होतं की वरवर पाहता ते काका बरोबर ठरले. वरवर म्हटलं, कारण काही महिन्यांनी मी तोच तक्ता पुन्हा उघडला. या भाषणासाठी वाचन सुरू झालं होतं आणि न्यू जर्सीचे बर्गर डोक्यात होते. वाढ बारा हजारांची, फ्लॅट १२०. भागाकार केला. फ्लॅटमागे महिन्याला शंभर रुपये. मीटिंगमध्ये हा भागाकार कुणी केला नव्हता. मीही नाही, आणि एक्सेल तर माझ्याच हातात होतं. आम्ही फक्त बारा हजार हा आकडा बघितला आणि तो वॉचमनच्या रकान्यातून कसा काढता येईल तेवढंच बघितलं.

पण खरा धक्का पुढे बसला. आधी सहा माणसं आठ तास, म्हणजे दिवसाचे ४८ तास काम. नंतर चार माणसं बारा तास. तेही ४८ तासच. म्हणजे काम एका तासानेही कमी झालं नव्हतं. मग पैसे वाचले कसे? तेव्हा दिवसाला नऊ तासांच्या पुढच्या कामाला दुप्पट दराने पैसे द्यायला लागत होते, हे मी नंतर वाचलं. त्याप्रमाणे प्रत्येकाचे रोजचे तीन तास दुप्पट दराचे होतात. एका माणसाचं रोजचं वेतन जवळजवळ पावणेदोनपट होतं. चार माणसांचा खर्च सहा माणसांच्या खर्चापेक्षा जास्त भरतो. कायद्याने हिशेब केला असता तर माझा ठराव महाग पडला असता. तो स्वस्त पडला, कारण बारा तासांच्या ड्युटीला आम्ही आठ तासांचे पैसे देत होतो.

म्हणजे त्या दोन नोकऱ्या किमान वेतन वाढल्यामुळे गेल्या असं मी म्हणू शकत नाही. अर्धा कायदा पाळून उरलेला मोडता आला, म्हणून त्या गेल्या. आणि मोडणारे सुशिक्षित लोक होते. त्यांत एक कामगाराचा मुलगा होता.

मी हे कमिटीपुढे मांडलं. कुणी आनंदाने ऐकलं नाही. एकाने विचारलं, "तुम्हीच तर तक्ता केला होता ना?" मी हो म्हटलं. प्रकरण सर्वसाधारण सभेत नेलं. तिथे एका आजीबाईंनी उभं राहून विचारलं की बारा तास उभा असलेला माणूस रात्री तीन वाजता चोर कसा पकडणार. माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा त्या प्रश्नाचा परिणाम जास्त झाला. मेंटेनन्स शंभर रुपयांनी वाढला. पुन्हा सहा माणसं, आठ तासांची ड्युटी. पगार बँकेत जमा होतो की नाही आणि पीएफ भरला जातो की नाही याचा पुरावा ठेकेदाराने दर महिन्याला द्यायचा, अशी अट घातली. मेंटेनन्स वाढला म्हणून एकही कुटुंब सोसायटी सोडून गेलेलं नाही.

चाचांचा नंबर मात्र लागला नाही. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, गावी गेले असतील. ते दोघे परत आले नाहीत, त्यांच्या जागी दुसरे आले. माझी मुलगी अधूनमधून विचारते.

शेवटी कामाचं बोलतो. आपण वस्तीत, मोहल्ल्यात काम करतो, तिथे 'मजुरी वाढली तर काम जाईल' हे वाक्य रोज ऐकू येतं. ते उडवून लावू नका. बोलणाऱ्या बाईचं चूल-मूल त्यावर आहे. तिला म्हणा, बसू, हिशेब करू. या कामाचा सरकारी दर किती, हातात किती येतात? खराब म्हणून किती माल काढला जातो, आणि त्याचे पैसे कोण खातं? काम इथून हलवणं मालकाला खरंच सोपं आहे का? माग आणि भट्टी उचलून नेणं सोपं नाही, बिडी आणि जरीकाम नेणं सोपं आहे. जिथे ते सोपं आहे तिथे एका गावात दर वाढवून भागत नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या, शेजारच्या राज्यातल्या बायकांशीही बोलावं लागतं, आणि कण्णूरसारखी सहकाराची तयारी ठेवावी लागते.

आणि दुसरा हिशेब आपल्या घरचा. आपल्याकडे धुणीभांडी करणारी बाई, सोसायटीचा सफाईवाला, दुकानातला पोरगा, मदरशाच्या किंवा संस्थेच्या शाळेतला शिपाई. त्यांना काय दिलं जातं ते विचारा. वाढ द्यायची वेळ येईल तेव्हा आधी भागाकार करा, मग हात वर करा.

मागच्या ईदला सोलापूरला गेलो तेव्हा अम्मीला ही सगळी गोष्ट सांगितली. न्यू जर्सी, पोर्टो रिको, कण्णूर, आमचं गेट. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "वो चाचा को दूसरा काम मिला क्या?"

मी म्हटलं, माहीत नाही.